ठेका कोणाचा? एका राहून गेलेल्या अल्बमच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा होता. इलेक्ट्रॉनिक संगीतकार बर्न्ट फ्रीडमन आणि ड्रमर याकी लीबेत्साइट यांचा ‘सीक्रेट ऱ्हिदम्स’ हा २००२ सालचा अल्बम तुमच्या हाती योगायोगाने लागला. खरे ड्रम्स आणि प्रोग्राम केलेले आवाज यांचं मिश्रण. आठवडाभर तुम्हाला दुसरं काही ऐकवत नाही. तुमचं विचारणं तीन गोष्टींबद्दल आहे: यातलं हाताने वाजवलेलं काय आणि यंत्राचं काय, हे कसं ओळखायचं? तुम्ही स्वतः लॅपटॉपवर बीट्स करता आणि मित्राचा तबला त्यावर घेता, तेव्हा दोन्ही एकमेकांना चिकटवल्यासारखं का वाटतं? आणि असे आणखी अल्बम कुठे दडलेत?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते जरा निराश करणारं आहे. नुसत्या आवाजावरून खात्रीने ओळखता येत नाही. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगच्या कामात मला बावीस वर्षं झाली, आणि मी अजूनही फसते. डोना समरचं ‘आय फील लव्ह’ घ्या. १९७७ सालचं हे गाणं म्हणजे यंत्रसंगीताचं मूळपीठ असं समजलं जातं. मूग सिंथेसायझरवर एकेक थर चढवत ते उभं केलं, हे खरंच. पण त्यातला तो न थकणारा किक ड्रम कीथ फोर्सी नावाच्या माणसाने पायाने वाजवलेला आहे, कारण मूगमधून मनासारखा किक निघेना. त्याच वर्षीचं ‘स्टेइन अलाइव्ह’ याच्या बरोबर उलट. ते ऐकून वाटतं की ड्रमर काय मस्त रंगात आलाय. प्रत्यक्षात ड्रमर तेव्हा तिथे नव्हताच. बी जीजच्याच दुसऱ्या गाण्याच्या टेपमधून त्याच्या वाजवण्याचे दोन बार (चार-चार मात्रांची दोन आवर्तनं) कापले, टेपची टोकं जोडून गोल केला आणि तो गोल फिरत ठेवला. म्हणजे यंत्राच्या गाण्यात माणूस घड्याळासारखा वाजवतोय आणि माणसांच्या गाण्यात माणसाचा तुकडा यंत्र होऊन फिरतोय. पुढे १९८० साली रॉजर लिनचं एलएम-१ हे ड्रम मशीन आलं. त्यात खऱ्या ड्रम्सचे आवाजच चिपमध्ये भरलेले होते. तेव्हापासून ‘हा आवाज खरा वाटतो’ या वाक्याला फारसा अर्थ उरला नाही.

म्हणून ऐकताना मी वेगळाच प्रश्न विचारते: ठेका कोणाचा? लय कोण धरून आहे, आणि कोण तिच्या आधाराने खेळतंय? मैफिलीत आपण हे न सांगता ओळखतो. कधी तबलजी ठेका धरतो आणि गायक त्यावर विहार करतो, कधी सारंगीवाला किंवा हार्मोनियमवाला लेहरा (पुन्हापुन्हा फिरणारी एकच धून) धरतो आणि तबलजी मोकळा सुटतो. धरणारा आणि सुटणारा यांच्यातला हा व्यवहार एकदा ऐकू यायला लागला, की कुठला आवाज कातड्याचा आणि कुठला चिपचा ही चौकशी आपोआप मागे पडते.

आता तुमच्या अल्बमकडे या नजरेने पाहू. लीबेत्साइट हा कोलोनच्या ‘कॅन’ या बँडचा ड्रमर. त्याआधी तो फ्री जॅझ वाजवायचा, जिथे ठोस ठेका धरणं जवळजवळ अपमानास्पद मानलं जायचं. कुणा अनोळखी श्रोत्याने त्याला एकदा सुनावलं की बाबा, तू एकसुरी वाजवायला हवंस. त्याने ते मनावर घेतलं, आणि पुढचं सगळं आयुष्य तो एकच आवर्तन पुन्हापुन्हा, पण दर वेळी जिवंत ठेवून कसं वाजवायचं याचाच अभ्यास करत राहिला. कॅनचं ‘स्पून’ हे १९७१ सालचं गाणं मिळालं तर ऐका. त्यात सुरुवातीच्या काळातली एक साधी रिदम बॉक्स (ठरावीक ठेके वाजवणारी पेटी) टिकटिकत राहते आणि लीबेत्साइटचे ड्रम्स तिच्या फटींमध्ये बसतात. तो तिच्याशी स्पर्धा करत नाही, तिला झाकतही नाही. जर्मनीत हे गाणं लोकप्रिय झालं होतं, कारण ते एका टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत होतं. यंत्रासोबत वाजवण्याचा असा रियाज असलेला माणूस तीस वर्षांनी फ्रीडमनसोबत बसला, तेव्हा कामाची वाटणी फिरलेली होती. निदान मला तरी ते तसंच ऐकू येतं. ‘सीक्रेट ऱ्हिदम्स’मध्ये धरणारा माणूस आहे. लीबेत्साइट गोल फिरत राहतो, हट्टाने, जवळजवळ निर्विकारपणे. आणि सुटलेले आहेत ते फ्रीडमनचे इलेक्ट्रॉनिक आवाज: ते येतात, विरतात, प्रतिध्वनीत हरवतात, मध्येच एखाद्या मात्रेला टोचून जातात. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक अल्बममध्ये हे उलट असतं. यंत्र जमीन असतं आणि माणूस वर फुलं काढतो. तुम्ही आठवडाभर अडकलात त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

दुसरी गोष्ट मापाची. यातले बरेच तुकडे चारच्या मापात बसत नाहीत. पाश्चात्त्य कानाला ते ‘विचित्र’ वाटतं, आपल्याला वाटायचं कारण नाही. सातची रूपक तीन-दोन-दोन अशी आणि दहाचा झपताल दोन-तीन-दोन-तीन असा मोजायची आपल्या कानांना सवय असते. एकच करा: बीट मोजू नका, आवर्तन मोजा. तोच आघात पुन्हा तिथेच कधी येतो ते पकडा, मग त्या वर्तुळाचे आतले भाग पाडा. दोन-तीन प्रयत्नांत सम सापडते. ती सापडली की लक्षात येईल, फ्रीडमनचे आवाज बहुतेक वेळा समेवर येऊन थडकत नाहीत. समेची जागा ते ड्रमसाठी मोकळी ठेवतात.

आता तुमचं स्वतःचं काम. तबला आणि बीट एकमेकांना चिकटवल्यासारखे का वाटतात?

माझीच एक फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात एका तबलजींचं वाजवणं मी क्लिकवर (हेडफोनमध्ये लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर) रेकॉर्ड केलं. उत्तम वाजवलं होतं. पण प्रोग्राम केलेल्या बीटशेजारी ठेवल्यावर ते ‘सैल’ वाटलं, म्हणून मी सॉफ्टवेअरला सांगितलं की सगळे आघात सोळांशाच्या (मात्रेच्या चौथ्या भागाच्या) जाळीवर ओढून बसव. रात्रभर बसून केलं. सकाळी ऐकलं तर तबला मेलेला. त्याहून वाईट म्हणजे तो आता आधीपेक्षाही चुकीच्या जागी वाटत होता! कारण कळायला मला बरेच महिने लागले. चाटीवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ टोकदार असतो, त्याची सुरुवात आणि त्याचा जोर जवळजवळ एकाच क्षणी असतात. डग्ग्याचा ‘घे’ तसा नसतो. बोट पडतं आधी, घुमारा फुलतो नंतर, आणि मनगटाने दाब दिला तर सूर वर सरकत आणखी मागे रेंगाळतो. सॉफ्टवेअर जिथे बोट पडतं तिथेच आघात आहे असं धरून चाललं होतं आणि डग्ग्याचे सगळे बोल मागे ढकलत होतं. वादकाचं हे गणित हातात मुरलेलं असतं. घुमारा मात्रेवर फुलावा म्हणून तो बोट किंचित आधी टाकतो. मी ती त्याची अक्कल पुसून टाकली होती. तेव्हापासून तबल्याला, ढोलकीला, पखवाजाला मी क्वांटाइझ करत नाही, म्हणजे जाळीवर ओढून बसवत नाही. फारच गरज पडली तर एखादा अख्खा मुखडा किंवा तिहाई उचलून इकडेतिकडे सरकवते, आतल्या आघातांना हात लावत नाही.

इथे थोडं अंकगणित उपयोगी पडतं. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीला, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, सोळांश १२५ मिलिसेकंदांचा. ड्रम मशीनवरचं स्विंग (जोडीतला पहिला सोळांश किती लांबवायचा ते) ५० टक्क्यांवर असेल तर सोळांशांची प्रत्येक जोडी सारखी, १२५ आणि १२५. ते ५४ टक्के केलं की १३५ आणि ११५. फरक फक्त दहा मिलिसेकंदांचा, पण शरीर डोलायला लागतं की नाही हे त्या दहांवर ठरतं. आता दुसरीकडे बघा: हवेत आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. मित्राच्या तबल्यापासून माइक तीन मीटर लांब ठेवलात तर तुम्ही न कळत त्याला नऊ मिलिसेकंद मागे ढकललंत. त्यात माइकला लॅपटॉपशी जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचा उशीर नीट भरून काढलेला नसेल तर आणखी काही. वादकाने बरोबर वाजवलेलं असतं, आपण त्याला मागे पाडलेलं असतं, आणि मग ‘लाइव्ह वादक जरा ओढत वाजवतात’ असं म्हणून मोकळे होतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी नेहमी एक साधी चाचणी घेते. हेडफोनमधली क्लिक माइकसमोर धरते, रेकॉर्ड करते आणि ती मूळ क्लिकच्या किती मागे पडते ते स्क्रीनवर मोजते. पाच मिनिटांचं काम आहे.

मग काही जण ‘ह्यूमनाइझ’चं बटण दाबतात. त्याने यंत्राचे आघात इकडेतिकडे विखुरले जातात. मला त्याचा काही उपयोग झालेला नाही, आणि त्याला कारण आहे. भौतिकशास्त्रज्ञ होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली माणसाच्या वाजवण्यातल्या चुका मोजल्या. त्यांना दिसलं की या चुका फाशांसारख्या पडत नाहीत. आत्ताचं थोडं मागे पडणं पुढच्या कितीतरी आघातांशी बांधलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस चुकत नाही, तो हळूच कलतो आणि हळूच सावरतो. बटण मात्र दर आघाताला नवा फासा टाकतं. त्याने यंत्र माणूस होत नाही, दारू प्यायलेलं यंत्र होतं.

तुम्हाला माझा सल्ला सरळ आहे: पुढच्या तुकड्यात आधी तबला रेकॉर्ड करा, बीट नंतर. मित्राला क्लिक द्यायचीच असेल तर पहिली दोन आवर्तनं द्या आणि बंद करा, किंवा त्याऐवजी लेहऱ्यासारखी एखादी धून लावा. तो ज्या लयीत स्थिरावेल ती खरी. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या वाजवण्यावरून टेम्पो मॅप (लय कुठे किती बदलते त्याचा नकाशा) काढा, पण दर मात्रेला खूण करू नका. फक्त समेवर खुणा करा, म्हणजे यंत्र दर आवर्तनाला येऊन त्याच्याशी हातमिळवणी करेल आणि मधल्या काळात स्वतःच्या चालीने चालेल. एका बाजूला थोडी ढील, एका बाजूला गाठ. प्रोग्राम केलेल्या बीटमधून निम्मे आघात काढून टाका. खरंच निम्मे. तबला जे बोलतोय ते यंत्राने पुन्हा बोलायचं कारण नाही.

खालच्या सुरांचा झगडा हा वेगळाच विषय, तो थोडक्यात सांगते. टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या पद्धतीच्या किकला स्वतःचा सूर असतो, लांब शेपूट असतं, आणि डग्ग्याचा घुमारा त्याच मजल्यावर राहतो. दोघांना एकाच वेळी बोलू दिलंत तर नुसता चिखल होतो. किक षड्जाला किंवा पंचमाला लावा, शेपूट आखूड करा, किंवा डग्गा जिथे बोलतो तिथे किक सरळ गप्प ठेवा. इक्वलायझरने हे भांडण सुटेल अशी आशा मी फार वर्षं बाळगली. सुटत नाही.

एकच खोली मिळाली तर मात्र अर्धं काम तिथेच होतं. प्रोग्राम केलेला बीट स्पीकरवर लावा, ज्या खोलीत तबला वाजला त्याच खोलीत, त्याच माइकने तो पुन्हा रेकॉर्ड करा आणि मूळ बीटच्या मागे हलकासा मिसळा. खोलीच्या घुमण्याची नक्कल करणारा कुठलाही रिव्हर्ब प्लगइन हे काम इतक्या नीट करत नाही. दोघांनी एक हवा श्वासात घेतलेली असते.

आता तिसरा प्रश्न: असे अल्बम राहून का जातात, आणि शोधायचे कसे.

शगी ओटिसचा ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ हे माझं आवडतं उदाहरण. १९७४ साली विशीतल्या या पोराने गिटार, बास, कीबोर्ड, ड्रम्स, जवळजवळ सगळं एकट्याने वाजवलं आणि काही गाण्यांत चक्क रिदम बॉक्स लावली. ही बॉक्स प्रोग्राम करता येत नव्हती. तिच्यात बटणाला लावलेले ठरावीक ठेके होते, लग्नाच्या हॉलमध्ये ऑर्गनवाल्याला सोबत व्हावी म्हणून बनवलेले. त्या किरकोळ टिकटिकीवर त्याने असं काही रचलं की आज ऐकताना ते पन्नास वर्षांपूर्वीचं वाटत नाही. तेव्हा मात्र कोणी विचारलं नाही. कंपनीने त्याला सोडून दिलं. त्याच्याच आधीच्या एका गाण्याचं दुसऱ्या बँडने केलेलं रूप १९७७ मध्ये गाजलं, तरी हा अल्बम धूळ खात पडला, तो थेट २००१ साली लुआका बॉप या कंपनीने पुन्हा काढेपर्यंत.

चरणजित सिंग यांची गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत असेल. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवलेला हा माणूस. त्यांनी १९८२ साली टीआर-८०८, बासचे सूर काढणारं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर ही तीन रोलँड यंत्रं घेऊन दहा रागांचा अल्बम केला: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. तो चालला नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून अॅसिड हाउस नावाचं संगीत निघालं, तेव्हा त्या मंडळींना या अल्बमचा पत्ताही नव्हता. एका डच संग्राहकाला त्याची तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये तो पुन्हा निघाला आणि उतारवयात चरणजितजी परदेशातल्या मंचांवर वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते वारले. लोक या अल्बमला ‘अॅसिड हाउसचा जनक’ वगैरे म्हणतात, ते मला पटत नाही. ज्याचं ऐकणारंच कोणी नव्हतं तो जनक कसा? पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात लाकडाचं किंवा कातड्याचं एकही वाद्य नाही, तरी वर चालणारी सुरावट हाताने वाजवलेली आहे. खाली यंत्र ठेका धरतं, वर माणूस राग मांडतो. ‘लाइव्ह वाद्य’ याचा अर्थ इतकाही लवचीक असू शकतो.

दोन्ही गोष्टींत राहून जाण्याचं कारण साधारण सारखं आहे. दुकानदाराला कळलं नाही की हे कोणत्या फळीवर ठेवायचं. नाचणाऱ्यांना ते पुरेसं नाचरं नव्हतं आणि बसून ऐकणाऱ्यांना त्यातली टिकटिक सहन होत नव्हती. अर्थात विस्मृतीत गेलेलं सगळंच सोनं असतं असं मुळीच नाही. मी असे शेकडो अल्बम ऐकले आहेत, त्यातले बहुतेक योग्य कारणाने विस्मृतीत गेलेत. एखाद्या बऱ्या जॅझ त्रिकुटावर कोणीतरी नंतर आणून टाकलेला बीट, बस्स.

शोधताना शैलीच्या नावामागे जाऊ नका, माणसामागे जा. विशेषतः ड्रमरमागे. यंत्रासोबत वाजवायला ज्याला कमीपणा वाटत नाही असे ड्रमर कमी असतात, आणि ते पुन्हापुन्हा अशाच संगतीत सापडतात. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या बँडचा युकिहिरो ताकाहाशी हा तसा एक. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, बाजूला रोलँडचा एमसी-८ सीक्वेन्सर (सूर ठरल्या क्रमाने आपोआप वाजवणारं यंत्र) चालू असताना तो खरे ड्रम्स इतके काटेकोर वाजवायचा की कोण कोणाला सांभाळतंय कळायचं नाही. लीबेत्साइट आणि फ्रीडमन यांनी तुमच्या अल्बमनंतर ‘सीक्रेट ऱ्हिदम्स’चे आणखी चार भाग केले, ते आधी ऐका. नॉर्वेचा ट्रम्पेटवादक निल्स पेटर मोल्वेर याचा १९९७ सालचा ‘ख्मेर’ ऐका, बीट्सच्या मागे मोकळी हवा कशी ठेवायची हे त्यात कळतं. स्ट्रीमिंगवर वादकांची, रेकॉर्डिंग करणाऱ्यांची नावं बहुधा नसतात किंवा अर्धवट असतात, म्हणून जुन्या सीडीच्या पुस्तिकेचे फोटो शोधून ती नावं वाचा. मला चांगले अल्बम कलाकारांच्या नावापेक्षा रेकॉर्डिस्टच्या नावावरून जास्त सापडले आहेत.

आणखी एक युक्ती, जी मला फार उपयोगी पडली: एखादं यंत्र बाजारात आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं धुंडाळा. टीआर-८०८ आणि एलएम-१ दोन्ही १९८० ची, यंत्रांना एकमेकांशी जोडणारी मिडी पद्धत १९८३ ची, आवाजांचे तुकडे साठवून वाजवणारं एमपीसी-६० हे १९८८ चं. त्या त्या काळात यंत्र कसं ‘वापरायचं असतं’ हे कोणालाच ठरवून माहीत नसतं. तेव्हा हातात वाद्य असलेली माणसं ते वाद्यासारखंच वाजवून बघतात. नंतर सवयी ठरतात आणि सगळ्यांचं काम सारखं दिसायला लागतं.

पुनर्प्रकाशन घेताना जपून. काही जुने अल्बम नव्याने काढताना मास्टरिंगमध्ये (शेवटचा आवाज ठरवण्याच्या कामात) आवाज इतका चढवतात की आघातांची टोकं सपाट होतात. यंत्राच्या बीटचं त्यात फार बिघडत नाही, तो मुळातच एकसारखा असतो. खऱ्या ड्रम्सचा हलका-भारी फरक मात्र जातो, आणि मग दोघं सारखेच वाटू लागतात. जुनी आणि नवी अशा दोन प्रती मिळत असतील तर त्यांचे आवाज आधी कानाने सारखे करा आणि मगच तुलना करा, नाहीतर मोठा आवाज चांगला वाटून जातो.

मित्राचं तबल्याचं मूळ रेकॉर्डिंग, काहीही न ओढलेलं, तुमच्याकडे अजून असेल तर ते पुसू नका. त्यातल्या समा मोजा आणि दोन समांमधलं अंतर आवर्तनागणिक कसं बदलतं ते एका कागदावर लिहून काढा. तुमचा बीट कुठे सैल सोडायचा हे त्या कागदावरच दिसेल.